बोटाखालची संहिता : आकार बदलणारे पृष्ठ आणि मराठी स्पर्शवाचन

१

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या अलीकडे जऊळका हे गाव लागते. हे नाव देवनागरीत वाचणाऱ्या डोळ्याला त्यात अडखळण्याजोगे काही सापडत नाही. ज या व्यंजनानंतर ऊ हा स्वर येतो. तो व्यंजनात मिसळत नाही, स्वतंत्र अक्षर म्हणून उभा राहतो. नऊ, मऊ, सई अशा मोजक्या शब्दांत मराठी लेखन हे करते आणि त्यासाठी देवनागरीने एकाच स्वराची दोन रूपे जवळ बाळगलेली आहेत : एक पूर्ण अक्षराचे, दुसरे व्यंजनाला लटकणाऱ्या चिन्हाचे. 'जऊ' आणि 'जू' यांतील भेद त्यामुळे दृष्टिक्षेपातच कळतो.

हेच नाव बोटाने वाचावयाचे झाल्यास गोष्ट बदलते. भारतीय भाषांसाठी स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वराला एकच रूप आहे. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ अशी टिंबे मांडलेल्या घरात ज म्हणजे २-४-५ आणि ऊ म्हणजे १-२-५-६. ही दोन घरे शेजारी ठेवली की बोट 'जू' वाचते. 'जऊ' हवे असेल तर मध्ये अ चे एकटे टिंब, म्हणजे केवळ १, घालावे लागते. देवनागरीत जो अ व्यंजनाच्या पोटात दडलेला असतो, तो येथे बाहेर काढून दाखवावा लागतो. मग ळ (४-५-६), क (१-३) आणि आ (३-४-५). एकूण सहा घरे आणि सोळा टिंबे. त्यांतील दुसऱ्या घरातले एक टिंब गळले तर गाव नकाशावरून नाहीसे होते व 'जूळका' असा अर्थहीन शब्द उरतो.

या एका टिंबात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. स्पर्शाने जाणवणारी, वाचकाच्या हालचालीला प्रतिसाद देणारी, गरजेप्रमाणे आकार बदलणारी संगणकीय पृष्ठे ही गेल्या काही दशकांतील तंत्रविद्येची एक महत्त्वाकांक्षी शाखा आहे. तिच्याविषयीचे मराठीतील लेखन बहुधा नवलाईच्या सुरात होते. घडी घालता येणारे पडदे, बोटाला थरथर देणारी उपकरणे, उद्याचे जग, अशी त्याची परिभाषा असते. परंतु आकार बदलणाऱ्या पृष्ठभागाशी ज्याचा व्यवहार सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आहे, तो वाचक या लेखनात क्वचितच भेटतो. तो आहे बोटाने वाचणारा वाचक. त्याच्या दृष्टीने पृष्ठाचा आकार बदलणे हा चमत्कार नसून वाचनाची पूर्वअट आहे. म्हणूनच या पृष्ठभागांचा इतिहास उपकरणांच्या इतिहासात बसवण्याऐवजी वाचनाच्या इतिहासात बसवावयास हवा. तसे केले म्हणजे 'संहिता', 'पृष्ठ', 'ओळ' या ज्या संज्ञा समीक्षा गृहीत धरून चालते, त्या किती प्रमाणात डोळ्याच्या संज्ञा आहेत हे ध्यानात येते.

२

संस्कृत काव्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. तिसऱ्या भेदाची गरज कोणालाही वाटली नाही. दर्शनांनी मात्र स्पर्शाची उपेक्षा केलेली नाही. वैशेषिकांनी स्पर्श हा गुण मानला, त्वचा हे त्याचे इंद्रिय ठरवले आणि न दिसणाऱ्या वायूची सिद्धीच त्याच्या आधारे केली. म्हणजे जे डोळ्याला अगम्य आहे त्याचे प्रमाण म्हणून स्पर्शाला तत्त्वज्ञानात स्थान होते. काव्याच्या मांडणीत ते मिळाले नाही. मराठी सौंदर्यविचारानेही साहित्याच्या माध्यमाचा ऊहापोह करताना ध्वनी आणि अर्थ यांच्याभोवतीच फेर धरला. मर्ढेकरांच्या विवेचनात इंद्रियसंवेदनांना मध्यवर्ती स्थान असूनही साहित्याच्या संदर्भात स्पर्श हे ग्रहणाचे द्वार असू शकते ही शक्यता पुढे येत नाही.

मराठीत या उपेक्षेला आणखी एक कारण आहे, आणि ते भाषेतच रुतलेले आहे. जे पाहता येते ते दृश्य, जे ऐकता येते ते श्रव्य; त्याच न्यायाने ज्याला स्पर्श करता येतो ते स्पृश्य. पण हा शब्द मराठीत परिभाषेसाठी मोकळा राहिलेलाच नाही. 'स्पृश्य' म्हटले की 'अस्पृश्य' उभे राहते आणि त्याच्यामागे सबंध एक समाजरचना उभी राहते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह सार्वजनिक पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी झाला. देवळाचा उंबरठा, विहिरीचा काठ, सोवळ्यातील पोथी, या सर्व ठिकाणी कोणाचा हात कोठवर पोहोचावा हाच वादाचा विषय होता. ज्या भाषेत स्पर्शाचा अधिकार हा इतका रक्तबंबाळ प्रश्न होता, तिला 'स्पृश्य काव्य' असा तिसरा भेद सुचला नाही यात आश्चर्य नाही. आज स्पर्शगम्य, स्पर्शवेद्य, स्पर्शपटल असे जोडशब्द वापरून आपण त्या शब्दाला वळसा घालतो. हा वळसा सोयीचा आहे, निरागस नव्हे.

तरीही मराठी साक्षरतेचा आरंभ बोटापासूनच होत असे. 'धुळाक्षर' हा शब्द आजही टिकून आहे. पाटीवर धूळ पसरावयाची, तीवर बोटाने अक्षर गिरवावयाचे, हाताने पुसून टाकावयाचे आणि पुन्हा गिरवावयाचे. बोटाच्या दाबाने आकार घेणारा, त्या आकाराने बोटाला उलट जाणीव करून देणारा आणि क्षणात पूर्ववत होणारा हा पृष्ठभाग होता. कागद आणि शाई हाती येताच त्याची गरज संपे. माँटेसोरी पद्धतीतील खरखरीत कागदाची अक्षरे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळे पश्चिम भारतात रुजली तीही याच मर्यादेत. बोट डोळ्याला अक्षर शिकवते आणि निवृत्त होते. स्पर्श हा लेखनाचा शिक्षक, पण वाचनाचा अधिकारी नव्हे, अशी ही व्यवस्था होती.

वाशीम परिसराला कोरीव अक्षराची परंपरा तर फारच जुनी आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील चार पत्र्यांचा ताम्रपट वाशीमलाच मिळाला. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात अशी त्याची भाषिक विभागणी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. ही अक्षरे धातूत खोल गेलेली आहेत आणि त्यांना हात लावता येतो. परंतु ती हातासाठी कोरलेली नाहीत. ती टिकावीत, खोडता येऊ नयेत, यासाठी खोदली आहेत. पुराभिलेखाचा अभ्यासक त्यांच्यावर कागद दाबून ठसा घेतो तोही अखेर डोळ्याने वाचण्यासाठीच. धुळाक्षर आणि ताम्रपट ही या दृष्टीने दोन टोके होत : एक क्षणात पुसले जाणारे, दुसरे आचंद्रार्क टिकवण्याची प्रतिज्ञा करणारे. बोटाने वाचता येणारी संहिता या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावयास हवी होती. ती नव्हती.

ती नव्हती म्हणजे काय झाले, याचे वऱ्हाडातील सर्वांत ठळक उदाहरण गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या ग्रंथकाराने जे प्रचंड लेखन सिद्ध केले, ते इतरांकडून ऐकून आणि इतरांना सांगून. 'प्रज्ञाचक्षू' ही त्यांची उपाधी गौरवाची आहे, पण ती डोळ्याचेच रूपक वापरते हे नजरेआड करता येत नाही. त्यांच्या ग्रंथव्यवहाराचे दोन्ही दरवाजे, कान आणि वाणी, दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीवर अवलंबून होते. त्यांच्या हयातीत मुंबईत अंधांसाठी शाळा निघाल्या होत्या (अमेरिकन मिशनची १९०० मध्ये, व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ मध्ये), परंतु वऱ्हाडातील खेड्यात एकट्याने, कोणी वाचून दाखवणारा नसताना, ग्रंथ उघडून बसणे ही गोष्ट अंध पंडिताला अप्राप्य होती. एकांतातील वाचन हे आधुनिक साहित्याचे लक्षण मानले जाते. ते लक्षण सर्वांना एकाच वेळी लागू झाले नाही.

३

बोटासाठी कोणती लिपी असावी हा वाद युरोपात आधी झडला. व्हालांतँ आयुई यांनी १७८४ मध्ये पॅरिसमध्ये अंधांची शाळा काढली आणि नेहमीच्या रोमन अक्षरांनाच उठाव देऊन पुस्तके छापली. त्यामागील भूमिका उदार होती : अंध आणि डोळस यांची लिपी एकच असावी. लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा त्याच शाळेचा विद्यार्थी. त्याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेली टिंबांची पद्धती डोळ्याला अक्षरासारखी दिसतच नव्हती, आणि नेमक्या याच कारणासाठी शाळेच्या चालकांनी तिला दीर्घकाळ विरोध केला. उठावाचे रोमन अक्षर डोळ्याच्या अक्षराची नक्कल करते. ब्रेलचे घर बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावते. दोन टिंबांमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर, कारण त्वचेला तेवढे अंतर वेगळे ओळखता येते. लिपीचा निकष डोळ्याकडून त्वचेकडे गेला.

भारतात हाच वाद वेगळ्या रूपात आला. येथे प्रश्न लिप्यांच्या बहुलतेचा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरिएंटल ब्रेल, शहा ब्रेल, म्हैसूर ब्रेल, शिरेफ ब्रेल, नीलकंठराय ब्रेल अशा अनेक पद्धती निरनिराळ्या प्रांतांत चालू होत्या. एका पद्धतीत शिकलेल्या वाचकाला दुसऱ्या पद्धतीतील पुस्तक म्हणजे नुसता खडबडीत कागद. १९४० च्या दशकात केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या पुढाकाराने एकरूप पद्धती आखण्याचे प्रयत्न झाले, त्यांवर टीका झाली आणि अखेर युनेस्कोच्या विद्यमाने १९५१ मध्ये बैरुत येथे भरलेल्या बैठकीनंतर भारती ब्रेल मान्य झाले. या कामात पुढाकार घेणारे सर क्लूथा मॅकेन्झी हे गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे गृहस्थ आणि पुढे देहरादूनच्या अंध सैनिकांच्या संस्थेचे चालक. लिपीची निश्चिती करणाऱ्यांत ती बोटाने वाचणारा माणूस असणे ही लिप्यांच्या इतिहासात विरळा गोष्ट होय.

भारती ब्रेलचे तत्त्व असे की समान ध्वनीला शक्यतो समान चिन्ह. मराठी क, तमिळ क, इंग्रजी के, सर्वांना १-३. देवनागरीच्या दृष्टीने पाहता यात एक क्रांती घडली, तिची दखल मराठी लिपिविचाराने घेतल्याचे फारसे आढळत नाही. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, जरी उच्चारात ती नंतर येते. उकार खाली जातो, मात्रा वर चढते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. देवनागरीचे अक्षर म्हणजे एक लहानसे चित्र आहे; डोळा त्याला चारी बाजूंनी एकदम घेतो. बोटाला 'एकदम' ही सोय नाही. म्हणून भारती ब्रेलने अक्षर उलगडून एका ओळीत मांडले : आधी व्यंजन, मग स्वर. जोडाक्षरात मात्र क्रम उलटा आहे. हलन्ताचे चिन्ह (टिंब ४) ज्या व्यंजनाचा अ जातो त्याच्या आधी येते. देवनागरीतला पाय मोडणे म्हणजे झालेल्या गोष्टीची दुरुस्ती. ब्रेलमधले हलन्तचिन्ह म्हणजे पूर्वसूचना. जोडाक्षर येत आहे हे बोटाला आधी कळते. काळात घडणाऱ्या वाचनाची ही गरज आहे.

पुढे ४० वर्षांनी, १९९१ मध्ये, संगणकावर भारतीय लिप्या साठवण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे प्रमाण निश्चित केले तेव्हा स्वरांच्या बाबतीत हाच निर्णय पुन्हा झाला. संगणकाच्या स्मृतीत 'कि' हा क नंतर इ असाच साठवला जातो. वेलांटी पुढे आणून दाखवणे हे केवळ पडद्यावरचे काम. यूनिकोडनेही देवनागरीसाठी हीच व्यवस्था घेतली. बैरुतचा निर्णय आणि इस्कीचा निर्णय यांत थेट नाते होते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही ठिकाणी देवनागरीचे चित्र बाजूला सारून तिच्यातील उच्चारक्रम मुख्य मानला गेला हे महत्त्वाचे आहे. यंत्राने जी संहिता आतल्या आत धारण केली, तिच्याशी डोळस वाचकापेक्षा बोटाने वाचणाऱ्याचा परिचय जुना होता.

ब्रेल लिहिण्याची रीतही येथे नोंदवावयास हवी. पाटी आणि टोच्या घेऊन लिहिणारा उजवीकडून डावीकडे, आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटी टिंबे टोचत जातो. कागद उलटवला की ती वर आलेली असतात आणि डावीकडून उजवीकडे वाचली जातात. म्हणजे लिहिलेले लगेच वाचता येत नाही. लेखक आणि त्याची ओळ यांच्यात कागद आडवा असतो. बैरुतच्याच वर्षी, १९५१ मध्ये, बाजारात आलेल्या पर्किन्स ब्रेलरने टिंब खालून वर उठवून हे अंतर मिटवले. लेखनाला स्वतःच्या पाऊलखुणा चाचपता येऊ लागल्या.

४

कागदावरचे टिंब मात्र स्थिर. छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात आणि वाचून वाचून टिंबे दबतात. हे ओझे दूर करण्याच्या प्रयत्नांतून आकार बदलणारे पृष्ठ जन्मले.

त्यात दोन मार्ग दिसतात. पहिला पुन्हा आयुईचाच. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिन्व्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी कल्पिलेले आणि जेम्स ब्लिस यांच्या सहकार्याने सिद्ध झालेले ऑप्टाकॉन १९७० च्या दशकाच्या आरंभी विक्रीस आले. उजव्या हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून फिरवावयाचा. डाव्या हाताच्या तर्जनीखाली २४ ओळी आणि ६ स्तंभांत मांडलेल्या १४४ पिना अक्षराच्या आकारात थरथरतात. कोणतीही लिपी, कोणतेही छापील पान. हे स्वातंत्र्य विलक्षण होते, पण त्याची किंमत होती. रोमन अक्षरे एकामागून एक बोटाखालून सरकतात. देवनागरीच्या शिरोरेषेने बांधलेल्या, वर मात्रा आणि खाली उकार धरणाऱ्या शब्दाला एवढ्या अरुंद खिडकीतून ओळखणे म्हणजे दाराच्या फटीतून मिरवणूक पाहणे. सरावलेल्या इंग्रजी वाचकांचाही वेग ब्रेलच्या मानाने कमीच राहिला. १९९६ मध्ये ऑप्टाकॉनचे उत्पादन थांबले. जे. जे. गिब्सन यांनी १९६२ मध्ये मांडलेला सक्रिय आणि निष्क्रिय स्पर्शांचा भेद येथे उद्बोधक ठरतो. ऑप्टाकॉनमध्ये वाचणारे बोट स्थिर असते आणि आकार त्याच्यावर येऊन आदळतो. ब्रेलमध्ये बोट स्वतः आकाराकडे जाते. रेंगाळणे, मागे येणे, एका शब्दावर थांबून पुन्हा खात्री करणे, हे वाचकाचे व्यापार दुसऱ्या प्रकारात बोटाचे बोटाकडे राहतात.

दुसरा मार्ग ब्रेलचाच, पण चल टिंबांचा. १९७० च्या दशकाच्या मध्यास युरोपात अशी उपकरणे तयार झाली. विद्युद्दाब दिला की वाकणारी स्फटिकाची पट्टी पिनेला वर ढकलते, दाब काढला की पीन खाली जाते. मिलिमीटरहूनही कमी चढउतार. त्यावर सबंध ग्रंथालय उभे राहते. मात्र प्रत्येक टिंबाला स्वतंत्र पट्टी लागत असल्याने ही उपकरणे अनेक दशके इतकी महाग राहिली की भारतातील सामान्य वाचकाने त्यांचे केवळ नाव ऐकावे. ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न अलीकडे भारतात झाले आहेत. दिल्लीच्या आयआयटीत आकारस्मृती असणाऱ्या मिश्रधातूच्या तारेने टिंबे उचलण्यावर संशोधन झाले. ऊब मिळताच ही तार आपला जुना आकार 'आठवते'. स्मृती हा शब्द धातूला लावण्याचे धाडस अभियंत्यांनी किती सहज केले! त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये डॉटबुक हे उपकरण आले. मुंबईच्या इनोव्हिजन या उद्योगाने त्याआधीच २० घरांचे ब्रेलमी तयार केले होते. गोव्यातील बिट्स पिलानीच्या विद्यार्थ्यांनी उभारलेल्या थिंकरबेल लॅब्जचे 'ॲनी' हे ब्रेल शिकवणारे यंत्र आहे; हेलन केलरच्या शिक्षिकेचे नाव त्याला दिलेले आहे.

वीस घरे म्हणजे काय, हा प्रश्न येथे साहित्याचा होतो. मोठ्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा. प्रत्येक अक्षराला फार तर व्यंजन आणि स्वर अशी दोन घरे, एखादे जोडाक्षर, एखादा अनुस्वार, शब्दांमधील मोकळी जागा, अशी बेरीज केली तर चरण वीस घरांत सहसा मावतो. बोट चरणाच्या टोकाला पोहोचते, कळ दाबली जाते, पिना खाली जातात आणि दुसरा चरण त्याच जागी उगवतो. यंत्राच्या किमतीने ठरवलेली ओळ आणि छंदाने ठरवलेली ओळ यांची ही भेट योगायोगाची आहे, पण अभंगाला ती मानवते. दोन चरणांमधील यती येथे प्रत्यक्ष विराम होतो. गद्याचे तसे नाही. कादंबरीतील दीर्घ वाक्य वीस-वीस घरांच्या तुकड्यांत येते आणि वाक्याचा आरंभ शेवटापर्यंत पोहोचण्याआधी पुसला गेलेला असतो. धुळाक्षराप्रमाणेच, फरक इतकाच की पुसणारा हात आता गिरवणाऱ्याचा नाही. पान या कल्पनेत मागे वळून पाहण्याची जी मुभा आहे (वर कोठे होते ते, डाव्या पानावर खालच्या बाजूला), ती एका ओळीच्या पृष्ठाला देता येत नाही.

यावर सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे ध्वनी. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे आवाज आता मराठीतही उपलब्ध आहेत, ते स्वस्त आहेत आणि वेगवान आहेत. बहुसंख्य अंध विद्यार्थी आज त्यांच्यावरच अवलंबून असतात. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु यात गुलाबराव महाराजांच्या काळचीच रचना परतते : वाचणारा दुसरा, ऐकणारा वाचक. माणसाच्या जागी यंत्र आले, एकांत मिळाला. अक्षर मात्र हाती आले नाही. मराठीत याचा परिणाम विशेष जाणवतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्या रोजच्या उच्चारात जवळजवळ उरलेला नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. ब्रेलमध्ये मात्र इ म्हणजे २-४ आणि ई म्हणजे ३-५. बोटाला हा भेद स्वच्छ लागतो. केवळ ऐकून पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या शुद्धलेखनातील चुका पाहून त्याच्या भाषाज्ञानाविषयी मत बनवणाऱ्या परीक्षकाने, त्याला मराठी शब्द कधी 'दिसला' होता काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी मुंबईतून सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाचे मोल त्यातील बातम्यांपेक्षाही या ठिकाणी अधिक आहे. मराठी वाक्य, त्याच्या सर्व अक्षरांसह, महिन्यातून दोनदा बोटांखाली येऊ लागले.

५

संगणकशास्त्राच्या मुख्य प्रवाहात आकार बदलणाऱ्या पृष्ठभागाची वाट वेगळीकडून आली. आयव्हन सदरलँड यांनी १९६५ मध्येच अशा खोलीची कल्पना मांडली होती की जिच्यातील वस्तूंचे अस्तित्वच संगणक नियंत्रित करील. १९९७ मध्ये एमआयटीचे हिरोशी इशी आणि त्यांचे सहकारी यांनी माहितीला हाताळता येण्याजोगे रूप देण्याची भूमिका मांडली. त्यांच्याच प्रयोगशाळेतून २०१३ मध्ये ३० गुणिले ३० अशा ९०० पिनांचा 'इन्फॉर्म' हा मंच आला. एकीकडे कोणी हात हलवावा आणि दुसरीकडे पिनांनी उठून चेंडू ढकलावा, असा त्याचा प्रताप. पिना वर येणे आणि खाली जाणे हे तत्त्व ब्रेलच्या उपकरणांना तोवर चार दशके परिचित होते.

लवचीक पडद्यांचे प्रयोग याच काळातले. २००४ मधील 'गमी' या प्रयोगात उपकरण वाकवून नकाशा जवळ-दूर करण्याची कल्पना होती. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात रूल व्हर्टेगाल यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलेल्या 'पेपरफोन'मध्ये कोपरा दुमडणे ही आज्ञा होती. या संशोधकांचा आदर्श कागद होता आणि कागदाचे पान उलटणे हा त्यांना मानवी हाताचा स्वाभाविक व्यापार वाटला. तो तसा नाही. शिवलेल्या बाडाचे पान एका बाजूस बांधलेले असते व आडवे उलटते. पोथीचे सुटे पान दोन्ही हातांनी उचलून पलीकडे पालथे ठेवावे लागते. कोपरा दुमडणे पोथीच्या बाबतीत अपराधच ठरेल. हाताच्या सवयींना ग्रंथाचा इतिहास असतो, आणि यंत्र त्यांपैकी एक सवय निवडून तिला निसर्ग म्हणते.

बोटाने वाचणाऱ्याच्या दृष्टीने या प्रवाहातून एक गोष्ट मात्र खरोखर नवी हाती लागली, ती म्हणजे ओळीतून पानाकडे जाण्याची शक्यता. २०२४ पासून वितरित होऊ लागलेल्या 'मोनार्क' या उपकरणात ३२ घरांच्या १० ओळी आहेत, आणि पृष्ठभाग बोटाचा स्पर्शही ओळखतो. अशा पृष्ठावर अकोला–पूर्णा लोहमार्ग रेषा म्हणून उठवता येईल. अकोला, जऊळका, वाशीम, हिंगोली, वसमत, पूर्णा ही स्थानके क्रमाने नव्हे तर दिशेने कळतील. कवितेचेही तेच. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त (१९७६) देऊळ आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यानच्या शेतात कोंबड्यांचे उसळणे वर-खाली या शब्दांच्या विखुरलेल्या मांडणीतून येते. एका ओळीच्या उपकरणावर ही कविता म्हणजे दोन शब्दांची कंटाळवाणी पुनरुक्ती. मोकळी जागा हीच जिची लय आहे, तिच्यातून मोकळी जागाच काढून घेतलेली. दहा ओळींच्या पृष्ठावर ती जागा बोटाला चालून पार करावी लागेल, आणि डोळ्याला जे एका झटक्यात दिसते ते बोटाला शोधावे लागेल. दोघांची कविता एकच असेल काय, हा वाचककेंद्री समीक्षेने घेण्याजोगा प्रश्न आहे. डोळ्याला ती मांडणी दृश्य विनोद म्हणून भेटते; बोटाला तिच्यात प्रत्येक शब्द अनपेक्षित जागी सापडण्याचे नाट्य भेटेल, आणि ते कदाचित कोंबड्यांच्या अधिक जवळचे असेल.

मात्र या सर्व पृष्ठांवर मराठी उमटण्याआधी तिचे रूपांतर व्हावे लागते. पूर्वी हे काम ब्रेल जाणणारा लिपिक करीत असे. 'जऊळका' लिहिताना मधला अ कोठे घालावयाचा हे त्याच्या हाताला ठाऊक असे. आता ते काम रूपांतराच्या कोष्टकांकडे गेले आहे. 'लिबलुई' या मुक्तस्रोत प्रणालीत इतर भाषांप्रमाणे मराठीचेही कोष्टक आहे, आणि कोणीही ते उघडून वाचू शकतो, सुधारू शकतो. मराठीचे अध्यापक त्यात लक्ष घालतात असे दिसत नाही. ते अभियंत्यांचे काम समजले जाते. पण अशा कोष्टकात असते ते व्याकरणच : कोणता अ उच्चारला जातो, कोणता गळतो, हलन्त कोठे येतो, अनुस्वार कोणत्या जागी. देवनागरीच्या साठवणीत स्वतंत्र ऊ आणि ऊकाराचे चिन्ह यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. भारती ब्रेलमध्ये दोघांना मिळून एकच घर. स्वतंत्र ऊ व्यंजनापाठोपाठ आला तर आधी टिंब १ घालावे, हा नियम कोणीतरी लिहून ठेवावा लागतो. तो नियम चुकला तर बोटाखाली 'जूळका' येते, आणि शेजारी बसून पडदा पाहणाऱ्या डोळस माणसाला चुकीचा पत्ता लागत नाही; त्याच्या पडद्यावर त्या वेळी 'जऊळका' हेच नाव असते.